टिपणिसांच्या भिंतीतलं पाणी

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, बडोद्यात पारा बेचाळीसवर गेला असताना आणि माणसांच्या अंगात पाणी टिकत नसताना, दीनानाथराव टिपणिसांच्या जेवणघरातल्या भिंतीला ओल आली.

पहिल्या दिवशी ती पुरीएवढी होती. दीनानाथरावांनी चष्मा पुसून पाहिलं, बोट लावून पाहिलं, मग बोटाचा वास घेतला. पस्तीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत, मेंटेनन्सच्या कचेरीत काढलेल्या माणसाला गळतीचा वास घ्यायची सवय असते. पाना किंवा पक्कड त्यांनी तिथे कधी हातात धरली नव्हती, पण गळत्यांचे अहवाल शेकड्यांनी लिहिले होते, आणि आपल्याला गळतीतलं कळतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता. अहवाल लिहिला की गळती थांबते, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. मधल्या वेळात कोणीतरी पाना घेऊन जाऊन येत असे, हा तपशील त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता.

अहल्याबाई घरी नव्हत्या. नातीच्या, म्हणजे सानवीच्या, सुट्टीसाठी त्या सहा आठवडे पुण्याला कुशलकडे गेल्या होत्या. निघताना रिक्षात बसून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. झाडांना पाणी घाला, दूध वेळेवर तापवा, आणि घराला हात लावू नका. तिसऱ्या सूचनेला इतिहास होता. मागच्या वर्षी दीनानाथरावांनी दारावरची बेल स्वतः दुरुस्त केली होती, आणि तेव्हापासून बाथरूमचा दिवा लावला की बेल वाजायची. दोन वेळा अहल्याबाई ओल्या अंगाने दार उघडायला गेल्या, तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला.

ही पुरी त्या परत यायच्या आत, म्हणजे अठ्ठावीस मेच्या आत, नाहीशी करायची असं दीनानाथरावांनी ठरवलं. त्यांनी एक फाइल काढली आणि तिच्यावर निळ्या शाईने लिहिलं, 'भिंत'. टिपणिसांच्या घराण्यात काम सुरू झालं असं फाइल काढल्याशिवाय मानत नसत. आजोबा संस्थानच्या काळात दफ्तरात होते आणि नागरवाड्यातल्या त्यांच्या घरी दुधाच्या हिशेबालासुद्धा लाल फीत होती म्हणतात.

पहिला उपाय अर्थातच रंगाचा. दीनानाथरावांनी ओल खरवडली, पुट्टी भरली आणि दुकानातून 'ऑफ व्हाइट' आणला. ऑफ व्हाइट हा रंग अकरा प्रकारचा असतो आणि त्यातला आपल्या भिंतीचा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही, हे ज्ञान त्यांना तेव्हा झालं. भिंतीवर एक फिकट चौकोन उमटला. चौथ्या दिवशी त्या चौकोनाच्या मधोमध ओल पुन्हा वर आली, आता थाळीएवढी.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत त्यांनी ही गोष्ट काढली, ही त्यांची दुसरी चूक. बडोद्याच्या वासणा भागातल्या त्या सोसायटीत ओलीला सगळे 'भेज' म्हणत, आणि भेज या विषयावर मत नसलेला माणूस तिथे राहत नव्हता. कोणी म्हणालं लोणा लागलाय, विटाच खाऱ्या. कोणी म्हणालं वाळवी, ती आपलं पाणी स्वतः आणते. एका बाईंनी भिंतीची दिशा विचारली, आणि नैऋत्य ऐकल्यावर इतक्या हळहळल्या की दीनानाथरावांना आपणच त्यांचं सांत्वन करावं असं वाटलं. सोसायटीचे सेक्रेटरी हंबीरराव घोरपडे मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कॉमन वॉल आहे का?"

"हो."

"अरेरे," हंबीरराव म्हणाले, आणि पुढच्या बाकाकडे गेले.

तर ती कॉमन वॉल होती. टिपणिसांचं घर म्हणजे जुळ्या टेनामेंटमधलं एक. एकाच भिंतीला पाठ लावून दोन घरं, आरशात पाहिल्यासारखी. याचं जेवणघर तिथे त्याचं जेवणघर, याचा ओटा तिथे त्याचा ओटा. पलीकडे मयंकभाई पंड्या राहत. बँकेतून निवृत्त, बोलायला मऊ, आणि तीन वर्षांपूर्वी बायको, तरुलताबेन, गेल्यापासून एकटे. दोघांनी घरं बांधायला घेतली ती एकाच महिन्यात, सत्त्याऐंशी साली. तेव्हा वासण्यात शेतं होती, आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन दीनानाथराव आणि मयंकभाई याच भिंतीला आळीपाळीने पाणी मारत. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने त्यावर पाय पडणार नाही असं बघायचं. नवीन सिमेंटचा तो ओला वास दीनानाथरावांना अजून आठवे. भिंत ओली असणं ही त्या काळी आनंदाची गोष्ट होती.

मग गोरधनभाई आला. गोरधनभाई हा त्या भागातला प्लंबर. कमी बोलणारा, आणि म्हणून हुशार समजला जाणारा. त्याने भिंतीला कान लावला, टिपणिसांची गच्चीवरची टाकी पूर्ण बंद केली आणि दोन दिवस थांबायला सांगितलं. ते दोन दिवस दीनानाथरावांनी बादल्यांवर काढले. अंघोळ अर्ध्या बादलीत, भांडी उरलेल्या अर्ध्या बादलीत, आणि कोणती अर्धी कोणती याचा एकदा घोळ. तिसऱ्या दिवशी गोरधनभाईने ओलीच्या कडेला पेन्सिलने काढलेली रेघ पाहिली. ओल रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती.

"साहेब," तो म्हणाला, "पाणी तमारुं नथी."

भिंतीच्या एका बाजूचं पाणी नाही म्हटल्यावर ते कुठलं, हे सांगायला प्लंबर लागत नाही. दीनानाथराव धुतलेला शर्ट घालून मयंकभाईंकडे गेले. चहा झाला, पुण्याची खबर झाली, मग दीनानाथरावांनी घसा साफ केला.

"मयंकभाई, जरा नाजूक विषय आहे. तुमचं पाणी माझ्या भिंतीत येतंय."

मयंकभाईंनी कप खाली ठेवला. "मारुं पाणी?" ते म्हणाले. "जुओ, दीनानाथभाई. ही तीच भिंत. तो कोरी छे."

खरंच ती कोरडी होती. मयंकभाईंच्या मुलाने परदेशातून पैसे पाठवून तिच्यावर लाकडी पॅनेल बसवून घेतलं होतं, आणि त्याच्या मधोमध, जेवताना समोर येईल असा, तरुबेनचा फोटो होता. दीनानाथरावांनी पॅनेलवर हात फिरवला.

"एक दिवस तुमची टाकी बंद करून बघू या का?"

हा प्रश्न साधा होता. पण मयंकभाईंनी तीस वर्षं बँकेत लोकांची कागदपत्रं संशयाने पाहिली होती, आणि आपल्यावर संशय घेतलेला त्यांना चालत नसे. "माझ्या घरात गळती नाही," ते शुद्ध मराठीत म्हणाले. मयंकभाई शुद्ध मराठीत बोलले की त्यांना लागलं आहे असं समजायचं, हे दीनानाथरावांना माहीत होतं. माहीत असूनही ते म्हणाले, "तपासायला काय हरकत आहे?"

पुढे जे झालं त्याचं मूळ या एका वाक्यात होतं.

दीनानाथराव तिथून थेट हंबीररावांकडे गेले. हंबीररावांनी उपविधींचं पुस्तक काढलं. कॉमन वॉलच्या कामाला दोन्ही घरमालकांची ना-हरकत लागते. एकाची हरकत असेल तर दुसऱ्याने अर्ज करायचा, तीन प्रतींत. अर्जात 'अर्जदार' आणि 'प्रतिपक्ष' असे रकाने होते. दीनानाथरावांनी प्रतिपक्षाच्या रकान्यात 'श्री. मयंक पंड्या' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. लिहिताना त्यांना किंचित कसंतरी झालं, पण अक्षर फार छान आलं होतं, त्यामुळे त्यांनी ते खोडलं नाही.

अर्जावरून पाहणी समिती आली. पाच माणसं. त्यांनी भिंत पाहिली, मग अहल्याबाईंनी सहा आठवडे पुरेल असा करून ठेवलेला चिवडा पाहिला, आणि तो संपेपर्यंत चर्चा केली. दोन दिवसांनी समितीचा अहवाल आला. 'सदर भिंत ओली असल्याचे आढळले.' दीनानाथरावांनी तो फाइलला लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की अहवालाने काही होत नसावं.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी कॅमेरावाला बोलावला. हा एक तरुण इंजिनियर होता आणि त्याच्याकडे भिंतीच्या आतलं दाखवणारा कॅमेरा होता. थंड ते निळं, गरम ते लाल. त्याने दिवे घालवले, पडदे ओढले, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत गंभीरपणे म्हणाला, "अंकल, इथे एक फार मोठा हॉट स्पॉट आहे. माणसाच्या आकाराचा."

"तो मी आहे," दीनानाथराव म्हणाले.

ते बाजूला झाल्यावर भिंतीवर निळ्या रंगाचा एक आडवा पट्टा दिसला. तो मागच्या अंगाला चोकडीकडे, म्हणजे भांडी घासायच्या जागेकडे, गेला होता. इंजिनियरने खडूने फुली मारली आणि इथे फोडा म्हणाला.

मयंकभाईंची ना-हरकत अजून आलेली नव्हती. पण भिंतीची अर्धी जाडी आपली आहे आणि आपण आपल्याच अर्ध्यात फोडतो आहोत, असा युक्तिवाद दीनानाथरावांनी मनाशी केला. गोरधनभाईने छिन्नी लावली. फुलीखाली नुसतीच वीट निघाली. त्याने वीतभर खाली फोडलं, तिथेही वीट. तिसऱ्यांदा त्याने वैतागून घण जरा जोरात घातला आणि पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. काचेचा.

दोघेही थांबले. थोड्या वेळाने दारात मयंकभाई उभे राहिले. त्यांच्या हातात तरुबेनचा फोटो होता. काचेला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. त्यांनी फोटो दीनानाथरावांना दिसेल असा धरला, भिंतीतल्या भगदाडाकडे एकदा पाहिलं आणि परत गेले. त्यांच्या घराची कडी लागल्याचं ऐकू आलं. दिवसाउजेडी त्या घराची कडी लागलेली दीनानाथरावांनी कधी ऐकली नव्हती.

त्यांनी काम थांबवायला सांगितलं. पण गोरधनभाई तोपर्यंत भगदाडात वाकून बघत होता. "साहेब," तो म्हणाला, "आ शुं छे?"

विटांच्या मागे एक जुना लोखंडी पाइप होता. गंजून तपकिरी झालेला. तो मयंकभाईंच्या बाजूने भिंतीत शिरत होता, टिपणिसांच्या अर्ध्यात वळत होता आणि चोकडीच्या दिशेने जाऊन कुठेतरी संपत होता. वळणावर त्याला बारीक भोक पडलं होतं, आणि तिथून पाणी शांतपणे, कसलीही घाई न करता, झिरपत होतं. घराच्या नकाशात असा पाइप नव्हता. दीनानाथरावांनी नकाशा दोनदा पाहिला, एकदा उलटा धरूनही पाहिला.

त्यांना वाटलं, सुटलो. पाणी पलीकडचं, हे सिद्ध झालं. त्यांनी फोटो काढून पुरवणी अर्ज जोडला. संध्याकाळी हंबीरराव स्वतः आले, पाइप नीट निरखला आणि खुर्चीवर बसले.

"टिपणीस," ते म्हणाले, "पाणी पंड्यांच्या टाकीतून निघून तुमच्या घरात येतं, हे तुम्हीच लेखी दिलंत."

"अर्थात."

"म्हणजे पंड्यांचं पाणी तुम्ही घेत होतात."

दीनानाथरावांना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. शेजाऱ्याच्या टाकीतून अनधिकृत जोडणी कधी व कोणाच्या परवानगीने घेतली याचा सात दिवसांत खुलासा करावा. ज्या टिपणिसांनी संस्थानच्या दफ्तरातला एक टाकही घरी आणला नव्हता, त्यांच्या नातवावर एकोणसत्तराव्या वर्षी पाणीचोरीचा आळ आला. फिरायला जाणारी मंडळी त्यांना बघून आवाज खाली करू लागली. दीनानाथराव दुसऱ्या रस्त्याने फिरायला जाऊ लागले. त्या रस्त्याला सावली नव्हती.

खुलासा ते तीनदा लिहायला बसले, आणि तिन्ही वेळा 'मला याची काहीच कल्पना नाही' या वाक्याशी अडले. असं वाक्य इतरांच्या खुलाशांत वाचून ते स्वतः पूर्वी हसले होते.

अठ्ठावीस मेला सकाळी अहल्याबाई परत आल्या. दीनानाथरावांनी भगदाडासमोर चादर बांधून ठेवली होती. जेवणघरात शिरल्याबरोबर त्यांनी विचारलं, "ही चादर इथे का?" आणि उत्तराची वाट न बघता ती बाजूला केली.

दीनानाथरावांनी फाइल हातात घेतली. ते पहिल्या पानापासून सुरुवात करणार होते. पण अहल्याबाई बघतच राहिल्या. मग त्या हळूच खुर्चीवर बसल्या, तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. दीनानाथराव घाबरले.

"अगं, भरून निघेल ते. गोरधनभाई म्हणतो दोन दिवसांचं काम आहे."

अहल्याबाईंनी पदर काढला. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हा अजून आहे होय?" त्या पाइपला म्हणाल्या.

"तुला माहीत आहे हा पाइप?"

"मीच बसवून घेतला. मी आणि तरुबेननी."

दीनानाथरावांच्या हातातली फाइल खाली आली. मग अहल्याबाई म्हणाल्या, "मयंकभाईंना बोलवा."

"आमचं बोलणं नाही सध्या."

"पुन्हा?" त्या म्हणाल्या आणि चपला घालून स्वतः गेल्या. पाच मिनिटांत मयंकभाई त्यांच्या मागून आले आणि दीनानाथरावांकडे न बघता, खुर्चीच्या कडेवर बसले. गोरधनभाईला त्या दिवशी पाइपचं काय करायचं ते विचारायला बोलावलंच होतं. तो पिशवी घेऊन दाराशी उभा राहिला.

"एक्क्याण्णव सालचा उन्हाळा आठवतो?" अहल्याबाईंनी विचारलं.

आठवायला दोघांनाही वेळ लागला, कारण दोघांनाही तो विसरायचा होता. त्या वर्षी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर मयंकभाईंनी दीनानाथरावांचा पतंग कापला होता. पतंग कापणं हा गुन्हा नव्हे, तो सणच त्यासाठी असतो. पण शेजारच्याच कठड्यावरून, बोलता बोलता, मांजा लावून कापला, आणि वर ऑफिसच्या लोकांदेखत 'काप्यो छे' असं ओरडले. दीनानाथरावांनी फिरकी खाली ठेवली ती ठेवलीच. त्यानंतर दोन घरांत आठ महिने अबोला होता.

"त्या उन्हाळ्यात नळाला दाब नव्हता," अहल्याबाई सांगू लागल्या. "मयंकभाईंचं घर कोपऱ्याचं, तिथपर्यंत पाणी यायचं. आपल्याकडे नुसतं गुरगुरायचं. कुशल पाच वर्षांचा, त्याला गोवर आलेला. आणि तुम्ही मला बजावलं होतंत, त्या घरातून एक थेंब आणायचा नाही."

दीनानाथरावांनी भिंतीकडे पाहिलं.

"तरुबेननी मागच्या अंगणातून विचारलं. मी म्हटलं, यांनी नाही म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, आणायचं नाही ना? मग तू आणू नकोस, पाणी आपलं आपण येईल. एक दिवस तुम्ही दोघं कामावर गेल्यावर त्यांनी शहरातल्या मांडवीतून एक प्लंबर बोलावला. चारपर्यंत भिंत फोडून पाइप टाकून परत लिंपून झालं होतं. ओल्या गिलाव्यावर मी कॅलेंडर लावलं. नळ काढला मागे चोकडीत. चोकडीत तुमच्यापैकी कोण कधी गेलंय? रोज सकाळी साडेपाचला तरुबेन त्यांच्या ओट्याखालची, या पाइपची चावी उघडायच्या आणि भिंतीवर दोनदा ठोकायच्या. माझं भरून झालं की मी दोनदा ठोकायची. तुम्ही दोघं उठायचात साडेसहाला."

दीनानाथरावांना आठवलं की त्या उन्हाळ्यात अख्ख्या सोसायटीत टंचाई असताना आपल्याकडे पाणी असायचं. त्याचं कारण त्यांनी कचेरीत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. आपल्या टाकीला आपण स्वतः सुचवलेला उतार. दोघातिघांनी तर त्यावरून आपल्या टाक्यांना तसा उतार करून घेतला होता. त्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार त्यांना आत्ता पहिल्यांदा आला.

"पुढे पाणी सुधारलं, चोकडीला नवीन लाद्या बसवल्या तेव्हा नळ काढून टाकला," अहल्याबाई म्हणाल्या. "चावी तरुबेननी कायमची बंद केली होती. मग आता पाणी कसं आलं, ते मला कळत नाही."

मयंकभाई इतका वेळ पायांकडे बघत होते. "ओट्याखाली," ते म्हणाले, "डब्यांच्या मागे?"

"हो."

"ती मी उघडली. होळीनंतर. रसोडामां नळ धीमो चालतो हतो. आता मीच स्वयंपाक करतो ना. वाटलं, ही चावी कोणीतरी चुकून बंद ठेवली. गंजलेली होती. मी तेल घालून घालून चार दिवसांत उघडली." ते थोडे थांबले. "मला बरं वाटलं होतं, आपल्याला जमलं म्हणून."

दीनानाथरावांना या वेळी विजयी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"त्या उन्हाळ्यात," मयंकभाई पुन्हा बोलू लागले, "रोज सकाळी आमची टाकी अर्धी असायची. मी तरुला रोज बोलायचो. तू नळ उघडा टाकतेस, तारो हाथ छूटो छे, तुला पाण्याची किंमत नाही. आखो उनाळो बोललो. तिने एकदाही सांगितलं नाही."

"मला सांगायच्या ना त्या," अहल्याबाई म्हणाल्या. "मागच्या अंगणात. तुम्ही कसे बोललात त्याची नक्कल करून दाखवायच्या. अगदी तुमच्यासारखा चष्मा वर करून."

"हसायची?"

"पोट धरून. म्हणायच्या, बोलू देत, उन्हाळा आहे."

मयंकभाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मग तो वर करताना मध्येच थांबले. "भाभी," ते म्हणाले, "बीजुं शुं शुं हतुं? म्हणजे मला माहीत नसलेलं."

गोरधनभाईने विचारलं, पाइप कापू का. अहल्याबाईंनी त्याला हाताने थांबवलं. तो पिशवी टेकवून उंबऱ्यावर बसला आणि ऐकू लागला.

अहल्याबाईंनी पुष्कळ सांगितलं. तरुबेन मराठी शिकल्या ती भाजीवाल्याशी बोलून नव्हे, अहल्याबाईंच्या जुन्या दिवाळी अंकांवरून. मयंकभाईंना बायकोच्या हातची म्हणून आवडणारी पुरणपोळी बारा वर्षं या घरातून जात होती. आणि त्या वर्षीच्या गणपतीत मयंकभाई दर्शनाला आले आणि अबोला संपला, त्याचीही एक गोष्ट होती.

"त्यात काय गोष्ट?" दीनानाथराव म्हणाले. "मयंकभाई आपणहून आले. मी ते कायम मानलं."

"आपणहून?" मयंकभाईंनी त्यांच्याकडे त्या दिवसात पहिल्यांदा पाहिलं. "तुम्ही निरोप पाठवलात म्हणून आलो. तरु म्हणाली, दीनानाथभाईंनी स्वतः बोलावलंय, चूक झाली म्हणतात."

"मला हिने सांगितलं होतं, की तुम्हाला फार वाईट वाटतंय आणि यायचंय."

दोघांनीही अहल्याबाईंकडे पाहिलं. त्या चादरीची घडी करत होत्या. चौतीस वर्षं दोघेही मनातल्या मनात समजत होते की दुसरा आधी वाकला, आणि त्या समजावर दोघांनी एकमेकांना खूप काही माफ केलं होतं.

"आता मात्र पंचाईत आहे," अहल्याबाई घडीवर हात दाबत म्हणाल्या. "अलीकडून खोटं बोलायला मी आहे. पलीकडून बोलायला कोणी नाही."

दीनानाथराव उठले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. कचेरीत चूक झाली तर तिचं परिपत्रक काढलं जाई. "मयंकभाई," त्यांनी सुरुवात केली, "सदर बाबतीत..." आणि थांबले. घसा साफ केला. "तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच मी ऐकायला हवं होतं. अर्जात तुमचं नाव लिहायला नको होतं. अक्षर चांगलं आलं म्हणून राहू दिलं. तो फोटो पडला, त्या दिवसापासून मला जेवण गेलेलं नाही. चूक माझी आहे."

मयंकभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते अहल्याबाईंना म्हणाले, "भाभी, या वखते तो खरोखर बोल्या."

"हो," अहल्याबाई म्हणाल्या. "मलाही नवीनच आहे."

"काच मी बदलून आणतो," दीनानाथराव म्हणाले.

"आपण जाऊ," मयंकभाई म्हणाले. "तुम्ही एकटे गेलात तर भलत्याच मापाची आणाल."

मग गोरधनभाई उठला. पाइप कापायच्या आधी पलीकडची चावी बंद करायला हवी होती. चौघेही मयंकभाईंच्या स्वयंपाकघरात गेले. ओटा नीटनेटका होता, एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. गोरधनभाई खाली बसायला गेला तसं मयंकभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी करतो."

त्यांचा गुडघा दुखत असे. ओट्याला धरून ते सावकाश खाली बसले, डबे बाजूला सारले आणि आत हात घातला. पितळेची छोटी गोल चावी होती. ती त्यांनी फिरवायला सुरुवात केली. मध्ये एकदा दम घ्यायला थांबले. दीनानाथराव शेजारी बसले, पण त्यांनी हात लावला नाही. चावी पूर्ण बसल्याचा बारीक आवाज झाला. भिंतीपलीकडून अहल्याबाईंचा आवाज आला, थांबलं म्हणून. त्या केव्हा तिकडे गेल्या ते कोणाला कळलं नव्हतं.

मयंकभाईंनी हात काढला नाही.

"सात आटे आहेत," ते दीनानाथरावांना म्हणाले. "तरुने सात उघडायचे, सात बंद करायचे. रोज. माझा चहा ठेवायच्या आधी."